स्क्रूवाला महापौर

चेंबरलेन म्हटलं की आपल्याला म्युनिकचा करार आणि छत्री आठवते. ते नेव्हिल. मला नाद लावला तो त्यांच्या तीर्थरूपांनी, जोसेफ चेंबरलेन यांनी. ते ब्रिटिश साम्राज्याचे वसाहतमंत्री होते, याचं मला फारसं कौतुक नाही. त्यांनी स्क्रू विकले, याचं आहे.

हसू नका. दाराच्या बिजागरीचा एक स्क्रू काढून बघा. टोक अणकुचीदार, आणि आटे थेट टोकापर्यंत गेलेले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सर्रास मिळणारा स्क्रू बोथट असे. सुतारानं आधी गिरमिटानं भोक पाडायचं, मग तो त्यात बसवायचा. जुन्या बाजारांतून जमवलेले असे बोथट स्क्रू माझ्याकडे आहेत. मऊ लाकडातसुद्धा त्यातला एक सरळ बसवताना मनगट भरून येतं. टोकदार स्क्रू यंत्रावर भराभर पाडण्याची युक्ती न्यूयॉर्कच्या थॉमस स्लोननं काढली आणि 1846 मध्ये तिचं पेटंट घेतलं.

बर्मिंगहॅमचे स्क्रू उत्पादक जॉन नेटलफोल्ड यांनी ब्रिटनपुरते हक्क विकत घ्यायचं ठरवलं. एकूण खर्च 30,000 पौंडांचा. त्यांनी लंडनच्या मेहुण्यांना गळ घातली. जोडे-चामड्याचा धंदा करणाऱ्या मेहुण्यांनी 10,000 पौंड दिले आणि 1854 मध्ये पैशांपाठोपाठ आपला अठरा वर्षांचा मुलगा जोसेफ, म्हणजेच जो, हाही पाठवला. जिथे पैसा गुंतवला तिथे घरचा माणूस हवा, हा व्यवहार आपल्याकडच्या कुठल्याही पेढीवाल्याला पटेल.

आतेभाऊ कारखाना बघे, जो हिशेब आणि विक्री. किमती पाडायच्या, प्रतिस्पर्ध्याला घायकुतीला आणायचं आणि मग त्याचा धंदा विकत घ्यायचा, ही त्याची रीत. किती छोट्या कारखान्यांना त्यापायी कुलूप लागलं असेल! सुमारे वीस वर्षांनी, 1874 मध्ये, तो धंद्यातून बाहेर पडला, तेव्हा इंग्लंडमधले अंदाजे दोनतृतीयांश स्क्रू ही एकच कंपनी बनवत होती. त्याच्या वाट्याला सुमारे 1,20,000 पौंड आले. नेटलफोल्ड हे नाव पुढे गेस्ट कीन विल्यम्समार्फत भारतातही पोचलं. आपल्याकडचे जुने हार्डवेअरवाले ते अजून काढतात.

चरित्र म्हणून सांगायचं तर: जन्म 8 जुलै 1836, लंडन. सोळाव्या वर्षी शाळा सुटली. पहिल्या दोन्ही बायका बाळंतपणात गेल्या. डोळ्याला एकभिंगी चष्मा, कोटाला ऑर्किड. झालं.

आता खरी गंमत. 1873 मध्ये हा गृहस्थ बर्मिंगहॅमचा महापौर झाला. शहरात गॅस पुरवणाऱ्या दोन खासगी कंपन्या होत्या. त्यानं सुमारे 20 लाख पौंड मोजून दोन्ही नगरपालिकेला घ्यायला लावल्या, त्याही कर्ज काढून. लोकांनी डोक्याला हात लावला. पहिल्याच वर्षी 34,000 पौंड नफा! मग पाणी. गोरगरीब ज्या विहिरींचं पाणी पीत, त्यांत मैला झिरपत असे. त्यानं पाण्याची कंपनीही घेतली, पण या खेपेला अट उलटी: पाण्यावर नफा कमवायचा नाही. कारण पाणी हा आरोग्याचा प्रश्न. दिव्यावर कमवा, पाण्यावर नको. प्रतिस्पर्ध्याला दयामाया न दाखवणाऱ्या माणसाला नफा कुठे थांबवायचा हे नेमकं कळत होतं, आणि मी त्याच्यावर लुब्ध आहे तो यासाठी. आपल्याकडे पालिकेचा अर्थसंकल्प वाचताना मला हमखास त्याची आठवण येते.

तरी झाकून ठेवू नये असंही काही आहे. शहराच्या मधोमध गलिच्छ वस्त्या पाडून त्यानं कॉर्पोरेशन स्ट्रीट हा रुंद रस्ता काढला. मी त्या रस्त्यावरून चाललो आहे. दुकानं झोकदार आहेत. पण ज्यांची घरं पाडली, त्यांच्यासाठी नवी घरं फारच थोडी झाली. गरिबांना हलवून शहर सुंदर करायचं हा धडा पुढे पुष्कळ शहरांनी गिरवला.

1876 मध्ये तो पार्लमेंटात गेला. 1886 मध्ये आयर्लंडच्या स्वराज्यावरून त्यानं लिबरल पक्ष फोडला, 1895 मध्ये वसाहतखातं घेतलं, बोअर युद्ध झालं, 1903 पासून आयातकराच्या आग्रहापायी दुसऱ्या पक्षातही फूट पाडली. पंतप्रधान काही झाला नाही. 1906 मध्ये पक्षाघात, 1914 मध्ये मृत्यू.

याच काळातला एक धागा मुंबईशी जुळतो. 1902 मध्ये गांधीजी मुंबईत वकिलीचं बस्तान बसवत होते. चेंबरलेन दक्षिण आफ्रिकेत येणार म्हणून तिथल्या हिंदी लोकांनी तार करून त्यांना बोलावून घेतलं. डर्बनला शिष्टमंडळ भेटलं, तर साहेबांचं उत्तर थंडगार: स्वायत्त वसाहतींवर साम्राज्य सरकारचा फारसा ताबा नाही! गांधीजी मग थेट 1914 पर्यंत तिकडेच राहिले. पाण्याच्या एकेका नळाची जबाबदारी अंगावर घेणारा महापौर साम्राज्याचा मंत्री झाल्यावर हात झटकू लागला.

बर्मिंगहॅममध्ये चेंबरलेन चौकात त्याचं स्मारक आहे, कारंज्यासकट. ते उभारलं 1880 मध्ये, त्याच्या हयातीत, शहरासाठी केलेल्या कामाबद्दल. वसाहतखातं तेव्हा पंधरा वर्षं दूर होतं. आभार कोणत्या चेंबरलेनचे मानायचे, हे बर्मिंगहॅमकरांनी वेळेवर ठरवून टाकलं.