लिंबाचा रस आणि प्रगतीचा सिद्धान्त

मनुष्याची बुद्धी कालौघात स्वभावतःच उत्कर्ष पावत जाते, ही श्रद्धा युरोपात दृढ करणाऱ्यांत फ्रेंच विचारवंत कोंदोर्से अग्रगण्य होय. राज्यक्रांतीच्या धामधुमीत अटकेचा हुकूम सुटला असता पॅरिसमध्ये लपून राहून त्याने मानवी मनाच्या प्रगतीविषयीचा आपला ग्रंथ लिहिला. १७९४ मध्ये तो कैदेत मरण पावला आणि १७९५ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला. योगायोग असा की, त्याच वर्षी ब्रिटिश आरमाराने खलाशांच्या शिध्यात लिंबाचा रस सुरू केला, आणि या रसाच्या पुढील इतिहासाने त्या श्रद्धेचीच कसोटी पाहिली.

हिरड्या सुजून रक्त वाहावे, भरलेल्या जखमा पुन्हा उकलाव्यात आणि अखेर मृत्यू यावा, हा स्कर्व्हीचा क्रम लांबच्या सफरींत नित्याचा असे. १७४७ मध्ये ‘सॉल्सबरी’ या युद्धनौकेवरील वैद्य जेम्स लिंड याने बारा रुग्णांच्या सहा जोड्या करून एकीस शिरका, दुसरीस समुद्राचे पाणी, असे निरनिराळे उपचार योजिले. ज्या जोडीस रोज दोन संत्री व एक लिंबू मिळाले, तिच्यातील एक जण सहा दिवसांत कामावर रुजू होण्याजोगा झाला. असा ढळढळीत दाखला असूनही आरमाराची खातरजमा होण्यास अठ्ठेचाळीस वर्षे लोटली.

तथापि दप्तरी दाखल झाला तो उपाय, कारण नव्हे. गुण आंबटपणाचा, अशी समजूत असल्यामुळे १८६० नंतर वेस्ट इंडीजमधील लहान हिरवी लिंबे पसंत करण्यात आली. त्यांत क जीवनसत्त्व मुळातच कमी, आणि तांब्याच्या नळ्यांतून रस नेताना त्याचाही नाश होई. आगबोटींनी सफरी आखूड केल्यामुळे ही उणीव कोणाच्या ध्यानी आली नाही. म्हणजे एका विद्येच्या भरभराटीने दुसरीचा ऱ्हास झाकून टाकला! १८७५-७६ च्या नेअर्सच्या ध्रुवीय मोहिमेत जहाजांवर रसाचा साठा असूनही स्कर्व्ही उद्भवली, तेव्हा लिंबावरचाच विश्वास डळमळला आणि नासक्या मांसास दोष देणारे मत बळावले.

पुढे १९०७ मध्ये होल्स्ट व फ्रोलिख या नॉर्वेजियन संशोधकांना, दुसऱ्याच रोगाचा शोध घेत असता, गिनीपिगांत स्कर्व्ही उत्पन्न करता आली, आणि कोणत्या पदार्थात किती गुण आहे, हे प्रयोगाने पडताळण्याची सोय झाली. तेव्हा ज्ञान वाढते हे खरे. परंतु काळ ते आपोआप वाढवीत नाही. उपाय वारशाने मिळतो, त्यामागील कारण मात्र प्रत्येक पिढीने स्वतः तपासून घ्यावे लागते, आणि ज्या पिढीने ही तजवीज टाळली, तिच्या हाती शिरस्ता राहतो, विद्या राहत नाही.