भयकथेचा वारसा

परभणी जिल्ह्यातील पोखर्णी येथे नृसिंहाचे प्रसिद्ध देवस्थान आहे. नृसिंहाची कथा तुम्ही ऐकलीच असेल. आपणांस दिवसा किंवा रात्री, घरात किंवा घराबाहेर, मनुष्याकडून किंवा पशूकडून मरण येऊ नये, असा वर हिरण्यकशिपूने मिळविला होता. म्हणून देव सायंकाळी, अर्धा नर व अर्धा सिंह होऊन खांबातून प्रकटला आणि उंबरठ्यावर त्याने दैत्याचा वध केला. खांब दुभंगतो तो प्रसंग ऐकताना आजही अंगावर काटा उभा राहतो. असे का होते बरे? जे धड हेही नाही व धड तेही नाही, त्याचेच मनुष्यास अधिक भय वाटते.

भयकथेचे हे मर्म जुन्या लेखकांनी नेमके ओळखले होते. अकराव्या शतकात सोमदेवाने ‘कथासरित्सागर’ या ग्रंथात वेताळाच्या कथा सांगितल्या. हा वेताळ प्रेतात शिरून राजाशी बोलतो. १८१८ साली मेरी शेली या इंग्रज लेखिकेची ‘फ्रँकेन्स्टाइन’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तीत एक तरुण शास्त्रज्ञ निर्जीव अवयव जोडून त्यांत प्राण ओततो. १८९७ साली ब्रॅम स्टोकर यांनी ‘ड्रॅक्युला’ लिहिली. तिच्यातील सरदार दिवसा शवपेटीत निजतो आणि रात्री माणसांचे रक्त पितो. वेताळ, तो कृत्रिम प्राणी आणि हा सरदार, तिघेही जीवन व मरण यांच्या सीमेवर उभे आहेत.

पुढील पिढ्यांनी हे धन जपले आणि वाढविले. ‘ड्रॅक्युला’वरून १९२२ साली ‘नोस्फेराटू’ हा जर्मन मूकपट निघाला. १९७५ साली स्टीफन किंग या अमेरिकन लेखकाने तीच कल्पना आपल्या काळातील एका लहान गावात नेली. त्या कादंबरीवरून नारायण धारप (१९२५–२००८) यांनी मराठीत ‘लुचाई’ लिहिली. धारपांच्याच कथेपासून स्फूर्ती घेऊन राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ हा चित्रपट २०१८ साली आला. त्यातही एक शापित आजी आहे. तिला मरण येत नाही, आणि तिच्या जगण्यालाही जगणे म्हणवत नाही.

मात्र केवळ दचकविणारी कथा फार दिवस टिकत नाही. हिरण्यकशिपूच्या कथेत गर्वाचा नाश आहे. ‘फ्रँकेन्स्टाइन’मधील शास्त्रज्ञ आपणच घडविलेल्या जिवाला टाकून पळतो आणि त्याचे फळ भोगतो. ‘तुंबाड’मध्ये सोन्याचा लोभ पित्याकडून पुत्राकडे जातो. भुताचे रूप काळानुसार पालटते. माणसाचा दोष मात्र तोच राहतो, आणि जुनी कथा नव्याने सांगावी लागते.

म्हणून भयकथा वाचून भीती वाटली, तर लाजू नका. ही कथा आपणांस कोणत्या दोषापासून सावध करीत आहे, एवढे मात्र स्वतःस अवश्य विचारा. नृसिंहाचे उग्र रूप पाहून सारे भ्याले. प्रल्हाद मात्र निर्भयपणे हात जोडून पुढे गेला.