मुलाखतीहून परतलेला मुलगा जेवत नाही तेव्हा

सिंदी (रेल्वे) स्टेशनवर सकाळी उभे राहिले की ओळखू येते, कोण कामावर निघाला आहे आणि कोण मुलाखतीला. कामावर जाणाऱ्याच्या हातात डबा असतो. मुलाखतीला जाणाऱ्याच्या हातात फाईल असते, अंगात इस्त्री केलेला शर्ट असतो आणि पोटात बहुतेक वेळा फक्त चहा असतो. कोणी बुटीबोरीच्या एमआयडीसीत उतरतो, कोणी नागपूरला. संध्याकाळी तो परत येतो. दारातच आई विचारते, "काय झालं बाबू?" तो म्हणतो, "कळवतो म्हणाले." मग शेजारची काकू विचारते, मग विहाराजवळ कोणी विचारतो. आठ-दहा वेळा असे झाले की मुलगा घराबाहेर पडणेच टाळतो.

हा विषय आरोग्याच्या पानावर कशाला, असे काहींना वाटेल. पण पदवी घेऊन घरी बसलेली मुले-मुली दवाखान्यात जातात ती "नोकरी नाही" म्हणून नाही. ती जातात अॅसिडिटी, डोकेदुखी, छातीत धडधड, झोप न येणे अशा तक्रारी घेऊन. गोळ्या मिळतात, चार दिवस बरे वाटते, पुन्हा तेच सुरू होते. म्हणून या दुखण्याचे मूळ समजून घेतले पाहिजे.

आधी मुलाखतीच्या दिवसाचे पाहू. बाहेर बाकावर बसल्यावर तोंडाला कोरड पडते, हात गार होऊन घामेजतात, सारखी लघवीला लागते, कोणाला जुलाब होतात. मुलाला वाटते, आपणच भित्रे आहोत. तसे काही नाही. मूत्रपिंडांच्या वर दोन छोट्या ग्रंथी असतात. धोका जाणवला की त्या अॅड्रिनॅलिन रक्तात सोडतात. हृदय जोरात चालते, रक्त हातापायांच्या मोठ्या स्नायूंकडे वळते, पचन मंदावते, लाळ कमी होते. पळायची किंवा लढायची ही तयारी आहे. शरीराला समोरचा वाघ आणि समोरचा साहेब यातला फरक कळत नाही, एवढेच. त्यात उपाशीपोटी नुसता चहा घेतला असेल तर थरथर आणि जळजळ आणखी वाढते. म्हणून निघताना पोहे, पोळी, भाकर, जे असेल ते खाऊनच निघावे आणि पाण्याची बाटली जवळ ठेवावी. बाकावर बसल्यावर चार आकडे मोजत श्वास आत घ्यावा आणि सहा आकडे मोजत सावकाश बाहेर सोडावा. बाहेर सोडण्याचा श्वास लांबला की हृदयाची गती उतरते. विहारात आनापानाला बसणाऱ्यांना हे सांगायला नको.

एका दिवसाची भीती शरीर पचवते. खरा त्रास पुढे सुरू होतो, जेव्हा उत्तरच येत नाही. कारण न कळता मिळालेला नकार माणूस स्वतःवर घेतो. माझे इंग्रजी कच्चे, माझे कॉलेज साधे, माझ्यातच काही नाही, असे म्हणत रात्र जाते. काही वेळा तयारी खरेच कमी पडते, ते मान्य. पण सगळे खापर मुलाच्या डोक्यावर फोडण्याआधी पालकांनी एक अभ्यास माहीत करून घ्यावा.

अमरावती जिल्ह्यातून आलेले अर्थतज्ज्ञ डॉ. सुखदेव थोरात आणि अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ पॉल अॅटवेल यांनी तो केला आणि २००७ साली तो प्रसिद्ध झाला. इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी तयार केलेले अर्ज पाठवले. एकूण ५४८ जाहिराती, ४,८०८ अर्ज. शिक्षण सारखे, अनुभव सारखा, फरक फक्त नावात. काही नावे उच्चवर्णीय वाटणारी, काही दलित, काही मुस्लिम. बोलावणे येण्याच्या शक्यतेत दलित नावाचा अर्ज उच्चवर्णीय नावाच्या अर्जाच्या साधारण दोन तृतीयांशावर राहिला आणि मुस्लिम नावाचा एक तृतीयांशावर. हे मुलाखतीच्या खोलीत पाय ठेवण्याआधीचे आहे. त्याच सुमारास सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी कंपन्यांच्या भरती अधिकाऱ्यांशी बोलून पाहिले. आम्ही फक्त गुणवत्ता पाहतो असे सगळे सांगत होते आणि उमेदवाराच्या घरची पार्श्वभूमीही विचारतो असे जवळजवळ सगळेच सांगत होते.

"वडील काय करतात?" हा प्रश्न आपल्या मुलांना कुठे लागतो, हे वस्तीतल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. मुलगा अडखळतो, नजर खाली जाते, पुढची सोपी उत्तरेही बिघडतात. या प्रश्नाचे उत्तर घरीच, मोठ्याने, आईवडिलांसमोर पाच-सहा वेळा म्हणून पाहावे. "वडील मजुरी करतात. घरातला मी पहिला पदवीधर." एवढे पुरे. नंतर सरळ आपल्या कामाकडे वळावे. एकदा तोंडाला सवय झाली की शरीर त्या प्रश्नाला धोका मानत नाही. वडिलांनाही ते वाक्य आपल्या मुलाच्या तोंडून एकदा ऐकायला मिळते, हेही काही कमी नाही.

बाबासाहेब १९१७ साली परदेशातून शिकून बडोद्याला नोकरीवर गेले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही आणि परत यावे लागले. मुंबईत सिडनेहॅम कॉलेजात प्राध्यापक म्हणून रुजू होईपर्यंत १९१८ चा नोव्हेंबर उजाडला. हे मुलाला टोमणा म्हणून सांगू नये ("बाबासाहेबांनी किती सोसलं, आणि तू!"). ते वर्ष त्यांच्या लायकीचे मोजमाप नव्हते, या अर्थाने सांगावे.

आता लांबलेल्या वाट पाहण्याकडे येऊ. सिंदीजवळच्या ड्राय पोर्टचे भूमिपूजन २०१७ साली झाले. तेव्हा आठवीत असलेली मुले आज पदवी घेऊन बसली आहेत. महिने असे निघून जातात तेव्हा माणसाच्या आत काय होते, याचा सर्वात नीट अभ्यास आपल्यापासून फार लांब, ऑस्ट्रियात, मारिएन्थाल नावाच्या गावात झाला. ते गाव एका कापड गिरणीवर जगत होते. १९२९-३० मध्ये गिरणी बंद पडली. मारी याहोदा आणि तिच्या सहकाऱ्यांनी तिथे मुक्काम करून लोकांचे दिवस टिपून ठेवले. १९३३ साली त्यांचे पुस्तक आले. वाटते असे की रिकामा वेळ मिळाला तर माणूस वाचेल, शिकेल. झाले उलटे. वाचनालयाची वर्गणी माफ केली तरी पुस्तके नेणे जवळपास निम्म्यावर आले. पुरुष रस्त्याने सावकाश चालू लागले, मध्येच थांबू लागले. दिवसभरात काय केले असे विचारले तर त्यांना धड सांगता येईना. पगारासोबत आणखी काही गोष्टी जातात, असे याहोदाने पुढे मांडले: दिवसाची घडी, घराबाहेरच्या माणसांचा सहवास, आपण कोणाच्या तरी उपयोगी आहोत ही जाणीव, समाजातली ओळख.

आपल्या घरात हेच वेगळ्या रूपात दिसते. मुलगा रात्री दोनपर्यंत मोबाईलवर असतो आणि सकाळी दहाला उठतो. लोक म्हणतात, आळशी झाला. पण दिवसाची घडी मोडली की झोपेचे घड्याळही मोडते, आणि झोप मोडली की चिडचिड, अॅसिडिटी, लक्ष न लागणे ओघाने येते. म्हणून पहिला उपाय गोळी नसून उठण्याची वेळ आहे. रोज एकाच वेळी उठणे, अर्धा तास उजेडात चालणे, ठरावीक तास नोकरीच्या कामाला आणि बाकीचे दुसऱ्या कशाला तरी. दिवसभर जाहिराती चाळत बसण्याने नोकरी लवकर लागत नाही, डोके मात्र शिणते. विहारात अभ्यासिका असेल तर उत्तम. नसेल तर दुपारी विहार उघडून चार मुलांना बसू द्यायला काय खर्च येतो? शाळकरी मुलांची शिकवणी त्या मुलाकडे द्या, फी थोडी का असेना. आणि तो रविवारी वंदनेला यायचा बंद झाला असेल तर ती खूण समजा. लोक तेच विचारतात म्हणून तो येत नाही. म्हणून ते विचारणे आधी थांबवा.

मुलींचे दुखणे वेगळे. मुलाला एक प्रश्न विचारतात, मुलीला दोन: नोकरी कधी आणि लग्न कधी. "घरीच तर आहे" म्हणून पाणी, स्वयंपाक, लहानांचे सगळे तिच्या अंगावर पडते. अर्ज भरायला ती बसते ते रात्री सगळे झोपल्यावर. दिवसभर कामात दिसते म्हणून ती बेकार आहे असे कोणी मानतही नाही. तिला दिवसाचे तीन तास कामातून मोकळे करून द्या. माझ्या मते मुलीच्या तब्येतीसाठी कोणत्याही टॉनिकपेक्षा हे आधी केले पाहिजे.

खर्र्याबद्दल लिहिल्याशिवाय हे पान पुरे होणार नाही. रिकामा वेळ, टपरीवरचे मित्र, "टेन्शन आहे बे" म्हणून पन्नीत घोटलेला एक खर्रा. तंबाखूतले निकोटिन मेंदूत चटकन पोचते आणि बरे वाटते. तासाभराने ते उतरते आणि अस्वस्थ वाटू लागते. ती अस्वस्थता नोकरीची आहे असे मुलाला वाटते, पण ती बरीचशी खर्र्याचीच असते. म्हणजे खर्रा जे टेन्शन घालवतो ते त्यानेच आणलेले असते. त्यातली सुपारी गालाच्या आतले अस्तर कडक करते. आधी तिखट झोंबते, मग तोंड कमी उघडू लागते. आपलीच तीन बोटे उभी धरून तोंडात जातात का, ते पाहावे. जात नसतील तर दाताच्या डॉक्टरकडे लगेच जावे, कारण याचा पुढे कॅन्सर होऊ शकतो. सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत क्रमांक आहे.

एक गोष्ट विदर्भातल्या घरांसाठी खास. थकवा, धाप, कशातही मन न लागणे हे दर वेळी मनाचेच नसते. महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे. शिवाय आपल्या समाजात सिकलसेल बराच आढळतो. पोलीस भरतीची तयारी करणारी मुले १६०० मीटर आणि मुली ८०० मीटर धावण्याचा सराव उन्हात, पाणी न पिता करतात. सिकलसेलच्या रुग्णाला (एसएस) यातून जीवघेणा त्रास होऊ शकतो. वाहक (एएस) धावू शकतो, पण ऊन आणि पाण्याची कमतरता त्यालाही महागात पडू शकते. सरकारी दवाखान्यात सिकलसेलची तपासणी मोफत होते. मैदानावर उतरण्याआधी ती करून घ्यावी आणि हिमोग्लोबिनही पाहावे.

एवढे सगळे केले तरी काहींचे मन वर येत नाही. दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ उदास वाटणे किंवा आवडीच्या गोष्टीतही रस न राहणे, जोडीला झोप-भूक बिघडणे, "माझा काही उपयोग नाही" असे वाटणे, हा डिप्रेशनचा आजार असू शकतो. मुलग्यांमध्ये तो रागाच्या, दारूच्या रूपातही दिसतो. त्याला उपचार आहेत. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात आणि नागपूरच्या सरकारी रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. औषधाचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. तोवर "काही फरक नाही" म्हणून सोडू नये आणि बरे वाटल्यावरही डॉक्टरांना न विचारता बंद करू नये. या गोळ्यांची दारूसारखी चटक लागत नाही. उपचार घेतला तर नोकरीत अडचण येईल, अशी भीती अनेकांना असते. पण २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला आहे. दोरे, अंगारे यांत महिने घालवू नयेत.

मुलगा "आता जगून काय करू" अशा अर्थाचे काही बोलला, जवळच्या वस्तू देऊन टाकू लागला किंवा अचानक सगळ्यांचा निरोप घेतल्यासारखा वागला, तर त्याला बाजूला घेऊन सरळ विचारा: "बाबू, मरायचा विचार येते का मनात?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट मनातले बोलायला वाट मिळते. तो हो म्हणाला तर रागावू नका, शपथा घालू नका, त्याला एकटे सोडू नका. घरात कपाशीच्या फवारणीचे औषध असेल तर त्याच दिवशी दुसऱ्याच्या घरी, कुलपात ठेवायला द्या. १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक आहे. तो चोवीस तास सुरू असतो, मोफत आहे आणि मराठीत बोलता येते. फोन मुलानेच करायला हवा असे नाही, आईने केला तरी चालतो.