अकराव्या गावाला विस्कटणारी यादी

समजा, कोरेगाव तालुक्यातल्या वाघ्या घेवड्याचे भाव मोबाइलवर दाखवणारं एक पान कुणी तयार केलं. किन्हई, देऊर, पिंपोडे बुद्रुक, रहिमतपूर अशी गावं आधी अकारविल्हे लावली, मग भावाप्रमाणे. दहा गावांपर्यंत सगळं नीट. अकरावं गाव भरलं, की जुन्या क्रोममध्ये सारख्या भावाची गावं पुढेमागे होऊ शकत. फायरफॉक्समध्ये तीच यादी जागेवर!

दोन्ही ब्राउझर नियमाला धरूनच वागत होते. समान नोंदींचा मूळ क्रम राखलाच पाहिजे, असं ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्ट भाषेच्या प्रमाणात तेव्हा लिहिलेलं नव्हतं. क्रोमचं व्ही-८ इंजिन दहापर्यंतच्या यादीला एक पद्धत वापरी, त्याहून मोठ्या यादीला क्विकसॉर्ट. आणि क्विकसॉर्ट मूळ क्रम राखत नाही. २०१८ मध्ये क्रोम ७० पासून हे बदललं, २०१९ च्या प्रमाणाने ते सर्वांना बंधनकारक केलं. मला दहा नोंदींनंतरच क्रम विस्कटण्याचा हा प्रकार फार घातक वाटतो, कारण चार-पाच नोंदी भरून चाचणी घेणाऱ्याला तो दिसतच नाही.

ब्राउझरांमधल्या अशा फरकांचं मूळ जुनं आहे. ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केपसाठी ही भाषा दहा दिवसांत उभी केली. १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टने स्वतःची जेस्क्रिप्ट आणली. सामाईक प्रमाण आलं ते १९९७ मध्ये, आणि त्यातही मोकळ्या जागा राहिल्या.

तारखेचंच बघा. महिना ‘०७’ लिहिला तर मजकुराची संख्या करणारं ‘पार्सइंट’ हे फंक्शन सात देई. ‘०८’ आणि ‘०९’ला मात्र जुने ब्राउझर शून्य देत. आधी शून्य दिसलं की ते संख्या अष्टमान पद्धतीची समजत आणि त्या पद्धतीत आठ-नऊ हे अंकच नाहीत. म्हणजे ऑगस्ट, सप्टेंबर गायब! २००९ च्या प्रमाणाने ही वाट बंद केली. तोवर ‘दशमान’ असं स्पष्ट सांगणं हाच उपाय होता.

अशा वेळी ब्राउझरचं नाव विचारून भागत नाही. क्रोम, सफारी, फायरफॉक्स सगळेच आपली ओळख ‘मोझिला/५.०’ अशी सुरू करतात. हवी ती सोय आहे का, हे तपासावं. नसेल तर पर्यायी कोड द्यावा. आपल्या यादीला तर तेवढंही लागत नाही. भाव सारखा असेल तर गावाचं नाव बघ, अशी एक अट तुलनेत घातली, की जुना मोबाइलही तोच क्रम दाखवतो.