पाहुणे आले, पण खानदेश राहून गेला

साप-सरडे बघायला लोक पैसे खर्चून परदेशी जातात, असं खानदेशातल्या मेहरूण तलावावर सकाळी फिरणाऱ्यांना सांगितलं तर ते हसतील. काठावर दिवड दिसली की इथे माणूस चार पावलं मागे सरतो. पण आपला मुलूखही कुणाचा तरी परदेशच, आणि आपल्या सापांची शास्त्रीय ओळख आधी अशा परक्यांनीच करून दिली.

स्कॉटलंडचा डॉक्टर पॅट्रिक रसेल 1781 मध्ये विशाखापट्टणमला आला. लोक आणून देतील ते साप त्याने तपासले आणि 1796 मध्ये त्यांच्यावर ग्रंथ काढला. घोणसाच्या इंग्रजी नावात तो आजही आहे. पुढे 1863 मध्ये राइनहार्ट या डॅनिश संशोधकाने बंगालमधल्या एका सापाचं वर्णन केलं. हा साप फक्त पक्ष्यांची अंडी खातो. अंडं सबंध गिळतो, मणक्यांच्या टोकांनी घशात फोडतो आणि टरफल ओकून टाकतो. हा अंडीखाऊ साप इतका दुर्मीळ, की महाराष्ट्रातली त्याची पहिली नोंद छापून यायला 2005 साल उजाडलं. तो सापडला वर्ध्याकडे. नोंद करणाऱ्यांत वर्ध्याचे पराग दांडगे आणि पुण्याचे अशोक कॅप्टन होते, सोबत दोन जर्मन अभ्यासक. पाहुणा आणि घरचा माणूस एकाच कामाला लागले, म्हणून ते तडीस गेलं.

मधल्या काळात आपल्याकडे वेगळंच वारं आलं. 1980 मध्ये सर्पमित्र नीलिमकुमार खैरे 72 विषारी सापांसोबत 72 तास काचेच्या खोलीत राहिले. साप उगाच चावत नाही, हे लोकांना पटवायला अशाच धाडसाची गरज होती. गावोगाव सर्पमित्र उभे राहिले, हजारो साप काठीपासून वाचले. पण माझं मत विचाराल तर त्यात साप पकडण्याचं कौतुक वाढलं आणि निरखणं मागे पडलं. पकडला, फोटो काढला, सोडला. कुठे, कधी, कोणत्या जातीचा, हे वहीत क्वचितच उतरलं.

आता आंबोलीत पावसाळी रात्री बॅटऱ्या घेऊन चापडा साप शोधणाऱ्यांची रीघ लागते. खानदेशात मात्र पाहुणे आले ते रानपिंगळा या घुबडासाठी. 1997 मध्ये पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि सहकाऱ्यांना तो शहाद्याजवळ पुन्हा दिसला, तब्बल 113 वर्षांनी. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं. सरपटणाऱ्यांसाठी इतक्या हट्टाने इकडे कुणी आल्याचं फारसं ऐकिवात नाही. घाटात हिरवं दिसतं म्हणून सगळे तिकडे धावतात. बोरी-बाभळींचा, काळ्या मातीचा हा कोरडा पट्टा तसाच राहतो. वर्ध्याचा साप घाटातला नव्हता, हे ते विसरतात.

तेव्हा मेहरूणच्या काठाने फिरणाऱ्यांनो, दिवड, सापसुरळी, घोरपड, जे दिसेल त्याला हात न लावता लांबूनच फोटो घ्या आणि तारीख-जागा लिहून ठेवा. कासव दिसलं तर त्याची नेमकी जागा मात्र अनोळखी माणसाला सांगू नका, कारण कासवांची चोरटी विक्री चालते.