दोन ठिकाणं म्हणजे दोन गट?

सायन्सच्या प्रोजेक्टला उल्हासनगर-अंबरनाथच्या मुलांना वालधुनी नदी हमखास आठवते. काकोळ्याच्या डोंगरातून निघून अंबरनाथच्या शिवमंदिराजवळून ती उल्हासनगरात शिरते. मंदिरापाशी एक बाटली, खाली उल्हासनगरात दुसरी, असं सहा दिवस पाणी भरायचं आणि विरघळलेला ऑक्सिजन मोजायचा. मग दोन्हीकडच्या सरासरीत खरंच फरक आहे का हे बघायला प्रश्न पडतो, टी चाचणी कोणती लावायची, स्वतंत्र गटांची की जोडीची?

'दोन ठिकाणं, म्हणजे दोन स्वतंत्र गट' हा पहिला गैरसमज. आकडे बघू (समजावण्यापुरते घेतलेत, मोजलेले नाहीत). मंदिरापाशी लिटरमागे ५.१, ३.२, ६.०, ४.१, २.६, ४.८ मिलिग्रॅम, त्याच दिवशी खाली ४.४, २.७, ५.१, ३.६, २.०, ४.१. सरासरी ४.३ आणि ३.६५. स्वतंत्र गटांची चाचणी लावली तर टी येतो ०.९४. पाच टक्के पातळीला २.२३ तरी हवा, म्हणून मुलं लिहून मोकळी होतात: 'फरक नाही.' पण रोजचा फरक काढा: ०.७, ०.५, ०.९, ०.५, ०.६, ०.७. एकही दिवस उलटा नाही! दोन्ही बाटल्या एकाच दिवसाच्या, म्हणून त्यांची जोडी. जोडीच्या चाचणीत टी येतो साधारण १०.५, आणि लागतो २.५७. पाऊस-उन्हाचा चढउतार दोन्हीकडे सारखाच होता; वजाबाकीत तो निघून गेला. सलग दिवसांऐवजी मध्ये अंतर ठेवून पाणी घ्यावं हे उत्तम, नाहीतर आजचं पाणी कालच्यासारखंच निघतं.

याउलट दोन्ही गटांत सहा-सहा आकडे आहेत एवढ्यावरून जोडी ठरत नाही. बदलापूरची सहा मुलं आणि अंबरनाथची सहा मुलं यांची जोडी कोण लावणार?

आता मुलांचंच उदाहरण घ्या. कॉलेजला पोचायला किती मिनिटं लागतात? उल्हासनगरात राहणारी ४० जण, सगळ्यांचा वेळ जवळपास सारखा. बदलापूरहून येणारी ८, त्यांचा वेळ लोकलच्या मर्जीवर. लहान गटातच पसारा (आकड्यांचं विखुरणं) मोठा असला की नेहमीची, समान पसारा गृहीत धरणारी चाचणी नसलेला फरकही वारंवार 'दाखवते'. 'आधी एफ चाचणीने पसारा तपासा, मग ठरवा' असं अजून शिकवलं जातं. माझ्या मते हा वळसा नकोच. गट स्वतंत्र असतील तर समान पसारा गृहीत न धरणारी वेल्चची चाचणी सरळ लावावी. पसारा समान निघाला तरी तिच्यामुळे फारसं नुकसान होत नाही.

'स्टुडंट्स टी टेस्ट' विद्यार्थ्यांसाठी काढली, हाही एक गोड समज. 'स्टुडंट' हे विल्यम गॉसेटचं टोपणनाव. तो डब्लिनच्या गिनेस कंपनीत कामाला होता. १९०८ साली त्याने याच नावाने लेख छापला. म्हणजे या 'टी'चं नातं चहाशी नाही, बिअरशी आहे.

एक्सेलमध्ये टी-टेस्टच्या सूत्रात शेवटचा आकडा विचारतात: १ म्हणजे जोडी, २ म्हणजे समान पसारा, ३ म्हणजे वेल्च. तो आकडा पाणी भरायला निघण्याआधीच वहीत लिहून ठेवा.