विकसनशील शुक्रपेशी : ऑक्सिडीकरणजन्य ताण आणि अर्धवट राहणारी डीएनए-दुरुस्ती

पेशीत ऊर्जानिर्मिती होत असताना ऑक्सिजनची अतिक्रियाशील रूपे तयार होतात. त्यांचे प्रमाण आणि त्यांना निष्प्रभ करणारी पेशीची यंत्रणा यांतील तोल बिघडला म्हणजे ऑक्सिडीकरणजन्य ताण निर्माण होतो. अन्य पेशींतील अशी हानी त्या व्यक्तीबरोबरच संपते. जननपेशींतील हानी मात्र पुढील पिढीत उतरू शकते. तथापि, हानी म्हणजे उत्परिवर्तन नव्हे. या दोहोंमधील अंतर स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मानवी शुक्रपेशी तयार होण्यास सुमारे ७४ दिवस लागतात. अखेरच्या टप्प्यात बहुतांश हिस्टोन प्रथिनांची जागा प्रोटामाइन घेतात आणि डीएनए घट्ट आवळला जातो. याच काळात पेशीद्रव्याचा बराचसा भाग टाकून दिला जातो; त्याबरोबर संरक्षक विकरेही जातात आणि दुरुस्तीची क्षमता जवळजवळ लोपते. चपळतेसाठी मोजलेली ही किंमतच म्हणावी लागेल.

डीएनएमधील ग्वानीन ऑक्सिडीकरणास विशेष बळी पडते व त्याचे ८-ऑक्सोग्वानीन बनते. शुक्रपेशीतील ओजीजी-१ हे विकर हा बिघडलेला घटक कापून काढते. परंतु पुढील टप्प्यांस आवश्यक असलेली एपीई-१ आणि एक्सआरसीसी-१ ही प्रथिने तेथे आढळत नाहीत. परिणामी दुरुस्ती अर्ध्यावर थांबते आणि उरलेले काम फलनानंतर अंडपेशीवर येऊन पडते. डीएनएची पहिली प्रतिकृती होण्यापूर्वी ते पूर्ण झाले नाही, तर ८-ऑक्सोग्वानीनची जोडी सायटोसीनऐवजी अॅडेनीनशी जुळू शकते व पुढे ग्वानीनच्या जागी थायमीन येते. उत्परिवर्तन कायम होते ते येथे. म्हणूनच पित्याकडून आलेल्या दोषाचे भवितव्य मातेच्या अंडपेशीच्या क्षमतेवरही अवलंबून असते.

आइसलँडमधील कुटुंबांच्या २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पित्याच्या वयाच्या प्रत्येक वर्षामागे अपत्यात सुमारे २ नवी उत्परिवर्तने वाढत असल्याचे आढळले. याचे सारे खापर ऑक्सिजनवर फोडणे योग्य नव्हे. वृषणातील मूलपेशींच्या आयुष्यभराच्या विभाजनांत होणाऱ्या प्रतिकृतीच्या चुकाही त्यात मोजाव्या लागतात.

या पार्श्वभूमीवर वंध्यत्वासाठी सर्रास सुचविल्या जाणाऱ्या अँटिऑक्सिडंट गोळ्यांकडे सावधपणे पाहणे इष्ट ठरते. अमेरिकेतील २०२० च्या एका चाचणीत क व ई जीवनसत्त्वे, सेलेनियम, लायकोपिन आदींच्या मिश्रणाने शुक्रपेशींतील डीएनएची अखंडता सुधारली नाही. शिवाय, फलनक्षम होण्यासाठी शुक्रपेशीला याच क्रियाशील ऑक्सिजनची अल्प मात्रा आवश्यक असते.